एकमताने झालेला इंग्रजीचा ठराव

ज्या सॉफ्टवेअरचा मूळ संकेत, म्हणजे संगणकाला दिलेल्या सूचनांचा मजकूर, कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येतो त्यास मुक्तस्रोत म्हणतात. ते पुष्कळदा देशोदेशीचे स्वयंसेवक मोबदल्याविना रचतात, आणि अल्पविरामाच्या जागेवरूनही भांडणारी ही मंडळी आपसांतला व्यवहार इंग्रजीत करावा या एका मुद्द्यावर मात्र कधी भांडत नाहीत. हा ठराव कोणत्या सभेत झाला, सूचक कोण आणि अनुमोदक कोण, याची नोंद आढळत नाही. परंतु ज्या ठरावाची चर्चाच झाली नाही तो एकमताने संमत झालेला असतो, हे सहकारी संस्थांच्या वार्षिक सभांना बसलेल्या जळगाव-धुळ्याच्या वाचकास समजावून सांगावे लागत नाही.

लिनक्स या मुक्तस्रोत संगणकप्रणालीचा जनक लिनस टोरवाल्ड्स हा स्वीडिश मातृभाषेचा, मूळचा फिनलंडचा, पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेचा कर्ता ग्विडो व्हॅन रॉसम डच, आणि लुआ ही तशीच दुसरी भाषा १९९३ साली ब्राझीलमधल्या विद्यापीठात पोर्तुगीज बोलणाऱ्यांनी घडवली. तरी सर्वांनी आपापली मातृभाषा देवळाबाहेरच्या चपलांसारखी दाराशी काढून ठेवली. पायथनची लेखननियमावली तर टिप्पण्या, म्हणजे संकेताच्या मधूनमधून माणसांसाठी लिहिलेल्या ओळी, इंग्रजीत लिहिण्याची विनंती करते आणि आपली भाषा न जाणणारा कोणीही त्या कधीच वाचणार नाही याची १२० टक्के खात्री असेल तरच सूट देते. शंभर टक्के खात्रीवर मातृभाषा मिळत नाही. वरचे वीस टक्के कोठून आणावेत, हे नियमावलीने स्वयंसेवकाच्या सदसद्विवेकावर सोपवले आहे.

साक्री किंवा अमळनेरच्या तरुणास यात नवे काही वाटण्याचे कारण नाही. घरी अहिराणी, शाळेत प्रमाण मराठी आणि संगणकापुढे इंग्रजी अशा पायऱ्या चढताना प्रत्येक पायरीवर त्यास ‘सर्वांची सोय’ हेच कारण सांगितले जाते, आणि त्या सर्वांत तो स्वतः कधीच मोजलेला नसतो. इंग्रजीच्या वर्चस्वाविरुद्ध तळमळीने मराठीकरण, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या सूचनांचे मराठी भाषांतर, करणारे कार्यकर्तेही अहिराणीचा किंवा यावल-रावेरच्या लेवा गणबोलीचा विषय निघाला की एकाएकी सोयवादी होतात. भाषाशास्त्रज्ञ ग्रिअर्सनने भारतीय भाषांच्या पाहणीत खानदेशीची, म्हणजे अहिराणी जिच्यात मोडते त्या भाषेची, वर्गवारी मराठीखाली न करता भिल्ली भाषांसोबत केली आणि २०११ च्या जनगणनेने तिचे सुमारे १८ लाख ६० हजार भाषक मराठीहून वेगळे मोजले; म्हणजे मोजण्यापुरती ती वेगळी आहे, वापरण्यापुरती ती मराठीच आहे.

याच धुळ्यात १९२६ साली निवर्तलेल्या इतिहासाचार्य राजवाड्यांनी आपले संशोधन हट्टाने मराठीत मांडले आणि ज्यास ते हवे त्याने मराठी शिकावी अशी व्यवस्था केली. आजच्या रिवाजानुसार त्यांचे योगदान ‘कृपया इंग्रजीत पुन्हा सादर करावे’ अशा शेऱ्यासह परत आले असते. धुळ्याच्याच तुरुंगात १९३२ साली विनोबांनी गीतेवर मराठीत प्रवचने दिली, साने गुरुजींनी ती विनामोबदला टिपून घेतली आणि पुढे अनेक भाषांत त्यांची भाषांतरे झाली. तेथे आधी काम झाले आणि भाषांतराचे कष्ट नंतर इतरांनी उचलले. सॉफ्टवेअरच्या जगात हा क्रम उलटा आहे, कारण भाषांतराचा सगळा खर्च येणाऱ्याने दारातच भरायचा असतो आणि ज्यास तो परवडत नाही त्याच्या गैरहजेरीचा अर्थ ‘खानदेशातून फारसा प्रतिसाद नाही’ असा लावला जातो.

जगाचा रिवाज बदलणे मराठी मंडळींच्या हाती नाही, हे मान्य करावे लागते. त्यांच्या हाती असलेली गोष्ट मात्र त्यांनी आजच करावी: सॉफ्टवेअरमधला दोष कळवणारी नोंद अहिराणीत आली, तर ती ‘शुद्ध मराठीत लिहून आणा’ असे न म्हणता दाखल करून घ्यावी.