विषय क्रमांक 4 : पत्रपेटी

सोलापुरात पाणी येतं त्या रात्री कुणाचंच डोकं ठिकाणावर नसतं. जुळे सोलापुरातल्या आमच्या सोसायटीत अशाच एका रात्री मोटार चालू करायला निघालेल्या कुणीतरी आधी आपली दुचाकी मागे घेतली आणि जिन्याखालच्या माझ्या पत्रपेटीचा पापड केला. दुचाकी कुणाची हे अख्ख्या इमारतीला ठाऊक आहे. पाहिलं मात्र कुणीच नाही.

मी सेक्रेटरींना म्हटलं, "नवी पेटी बसवून घेतो."

"असं कसं मालक? अर्ज द्या की. लेखी."

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 सालचा. सेक्रेटरी त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठे. घाई दोघांच्याही स्वभावात नाही. अर्ज समितीपुढे गेला आणि तिथे मूलभूत प्रश्न उभा राहिला : पेटी कुणाची? भिंत सामाईक, म्हणजे संस्थेची. पेटी माझी, कारण कुलपाची किल्ली माझ्याकडे. मग बोल्ट? तो निम्मा भिंतीत, निम्मा पेटीत. यावर दोन चहा झाले.

पेटी संस्थेची धरली तर पैसे कुठून काढायचे, हा पुढचा पेच. आदर्श उपविधींप्रमाणे दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या किमान 0.75 टक्के, सिंकिंग फंड 0.25 टक्के, दरवर्षी. खजिनदारांचं म्हणणं, पेटी दुरुस्तीपलीकडे गेलेली आहे, म्हणजे ही पुनर्बांधणी. सबब सिंकिंग फंड. उद्या इमारत पडली तर काय करायचं, असं कुणीतरी विचारलं. अण्णा, म्हणजे आमचे चेअरमन, म्हणाले, "तोवर पेटी तरी नवी असेल."

एका अभ्यासू सभासदाने उपविधी उघडून दाखवले. पाणीपट्टी ज्याच्या त्याच्या नळांच्या संख्येवर आकारतात. तर पेटीचा खर्च ज्याच्या त्याच्या पत्रांच्या संख्येवर का नको? सूचना न्याय्य होती, पण हिशेब मांडल्यावर एकूण बेरीज शून्याच्या आसपास येऊ लागली. 50 पैशांचं पोस्टकार्ड असतं अजून, पण लिहितो कोण? लग्नपत्रिका मोबाइलवर येतात. रजिस्टर्ड पोस्ट 2025 मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं, आणि ते दारात सही घेऊनच हातात पडतं. माझी जुनी पेटी उचकटली तेव्हा आत सवलतीची तारीख उलटून गेलेलं मालमत्ता कराचं बिल, गुटख्याच्या पुड्या आणि एक पाल निघाली. तिला थकबाकी नसल्याने ती तत्काळ गेली.

तिसऱ्या मजल्यावरच्या अव्वा घरात तेलुगू, जिन्यात मराठी आणि समितीशी फक्त रोखठोक बोलतात. त्या म्हणाल्या, "पेटी कशाला ओ? त्या पैशात टाकी धुवा की." सोसायटीच्या इतिहासातलं हे सर्वांत शहाणं वाक्य. ते इतिवृत्तात आलं नाही, कारण फ्लॅट मुलाच्या नावावर असल्यामुळे अव्वा सभासद नाहीत.

एव्हाना एका पेटीचा विषय सगळ्या पेट्यांवर गेला होता. माझी एकटीच नवी दिसली तर बाकीच्या जुन्या दिसतील, म्हणून सगळ्याच बदलाव्यात, असं ठरत आलं. अक्कलकोट रोड एमआयडीसीतून तीन कोटेशनं मागवली. रंग लाल असावा की राखाडी, यावर दोन मित्रांनी बोलणं टाकलं. लाल रंगाला विरोध करणाऱ्याचं म्हणणं, लोक टपालखात्याची समजून पत्रं टाकतील. मला वाटलं, टाकू देत की. कुणाची का असेनात, पत्रं तर येतील.

शेवटी वार्षिक सभा. नोटीस 14 दिवस आधी निघाली. सभेच्या वेळेला गणपूर्ती नव्हती, म्हणून रीतीप्रमाणे सभा तहकूब झाली आणि अर्ध्या तासाने, त्याच जागी, तेवढ्याच माणसांत, गणपूर्तीची गरज नसलेली तीच सभा सुरू झाली. विषय क्रमांक 4 शेंगदाण्याच्या चटणीसह भजी येण्याच्या सुमारास मंजूर झाला. टाळ्याही पडल्या.

तेवढ्यात माझ्या समोरच्या फ्लॅटचे काका उभे राहिले. सभेची नोटीस आपल्याला मिळालीच नाही, म्हणून ही सभाच बेकायदेशीर आहे, असा त्यांचा लेखी आक्षेप होता. मिळाली नाही तर आलात कसे, असं अण्णांनी विचारलं. "भज्यांचा वास आला म्हणून," काका म्हणाले. चौकशी झाली. वॉचमन मामांनी काकांची नोटीस चुकून माझ्या पेटीत टाकली होती. म्हणजे पेटी जिथे होती तिथे, भिंतीवरच्या भोकात.

ठराव रद्द झाला. नवी सभा घ्यायची आहे. नोटिसा छापून आल्या आहेत, आणि त्या टाकायच्या कुठे, यावर सध्या समिती बसली आहे.