सबब आक्षेप नोंदविला

आमच्या सोसायटीत टीव्हीच्या रिमोटवरून घरोघरी भांडणं होतात. काकांच्या घरी होत नाहीत. तिथं रिमोट काकांच्या हातात असतो आणि बाकीची मंडळी दुसऱ्या खोलीत असतात.

काका पाहतात ते इंग्रजी सिनेमे. त्यातही अट अशी, की सिनेमात कुठंतरी हिंदुस्थान, पाकिस्तान, अफगाणिस्तान, गेलाबाजार नुसतं वाळवंट तरी पाहिजे. नायक, नायिका, उडणाऱ्या मोटारी यांच्याशी काकांना देणंघेणं नाही. त्यांचं लक्ष मागं उभ्या असलेल्या दाढीवाल्याकडं. तो तोंड उघडतो आणि काका पॉज दाबतात. पडद्यावर दाढीवाल्याचा जबडा उघडाच राहतो, दंतवैद्यापुढं बसल्यासारखा. काका मागं जातात, पुन्हा ऐकतात, तिसऱ्यांदा ऐकतात, चष्मा कपाळावर सरकवतात आणि निकाल देतात, "काय बोलायलंय हे? ही भाषाच नाही!"

दोन तासांचा सिनेमा काकांकडं साडेचार तास चालतो. त्यांचे व्याही एकदा चहाला म्हणून आले, सिनेमात अडकले आणि रात्री जेवून गेले. तोवर पडद्यावरचं विमान धावपट्टीवरून हललं नव्हतं.

काका मूळचे परभणीचे. कोर्टात भाषांतरकार होते. मोडी कागद, निजामाच्या वेळचे उर्दू दस्त मराठीत करून देण्यात हयात गेली. उर्दू त्यांच्याकडं वडिलांकडून आली. वडील हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात शिकलेले, आणि तिथं त्या काळी कायद्यापासून रसायनशास्त्रापर्यंत सगळं उर्दूतून शिकवत. वडिलांचे एक जिवलग दोस्त पोलीस ॲक्शननंतर कराचीला गेले. त्यांची पत्रं यायची. वडिलांची नजर अधू झालेली, म्हणून ती मोठ्यानं वाचून दाखवायचं काम शाळकरी काकांकडं. घराजवळून ट्राम जाते, संध्याकाळी समुद्राचं वारं सुटतं, तुमच्याकडच्या ज्वारीच्या भाकरीची याद येते, असं त्यात असायचं. पासष्टच्या लढाईनंतर पत्रं थांबली. काकांची उर्दू थांबली नाही.

कोर्टातल्या भाषांतरकाराचा धर्म एकच. कागदावर आहे तेवढं सांगायचं, पदरचं घालायचं नाही, गाळायचं तर मुळीच नाही. एका शब्दाच्या चुकीपायी माणसाची बारा एकर जमीन जाते. असा माणूस निवृत्त होऊन पुण्यात मुलाकडं आला आणि हॉलीवूडच्या तावडीत सापडला. की हॉलीवूड त्याच्या तावडीत सापडलं म्हणावं, हे अजून ठरायचंय.

पहिली चकमक २००८ साली झाली. 'आयर्न मॅन' लागला होता. मुलानं हौसेनं बापाला मल्टिप्लेक्सला नेलं, सोबत मीही होतो. सुरुवातीलाच नायकाला अफगाणिस्तानात पळवतात आणि बंदूकधारी मंडळी त्याला मधोमध बसवून कॅमेऱ्यापुढं काहीतरी बोलतात. खाली भाषांतराची ओळ नाही. अतिरेकी आहेत, अतिरेक्यांसारखं बोलताहेत, असं समजून सगळं थिएटर पॉपकॉर्न खात होतं. काका मात्र खुर्चीत ताठ झाले.

"अरे, ही तर उर्दू!"

आणि मग, साक्षीदाराचा जबाब शेवटच्या बाकापर्यंत पोचवायची सवय असलेल्या आवाजात, "सुपारी देणाऱ्यानं माणूस कोण ते सांगितलंच नव्हतं म्हणायलेत! आता भाव वाढवून मागायलेत! ह्याला घरच्याच कुणीतरी मारायला लावलंय बघा!"

सिनेमाचं गुपित नेमकं हेच होतं. नायकाच्या सेक्रेटरीला ते पार शेवटाकडं, संगणकावर भाषांतर करून कळतं. आमच्या रांगेला पॉपकॉर्न संपायच्या आत कळलं. पुढचा तरुण वळून काकुळतीनं म्हणाला, "अंकल, प्लीज, स्पॉयलर नका ना देऊ."

काकांना स्पॉयलर म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. "मी काही दिलं नाही बाबा," ते म्हणाले. "त्यांनीच सांगितलं. मी नुसता तर्जुमा केला."

घरी येताना काका गप्प होते. रिक्षातून उतरताना म्हणाले, "एवढा पैसा घातला, लोखंडाचा माणूस उडवला, आणि गुपित उर्दूत ठेवलं. कुलूप लावायचं अन् किल्ली त्यालाच लटकवून ठेवायची! यांना वाटलं असंल, ही भाषा कुणाला कळत नसती. पावसाचा आवाज असतो, कुत्र्याचा असतो, तसा हा उर्दूचा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोनशे पानी वही आणली.

ती वही मी पाहिली आहे. समास लाल शाईनं आखलेला, अक्षर दस्तऐवजाचं. नमुन्यादाखल काही नोंदी जशाच्या तशा:

"मुद्दा ४. 'इंडियाना जोन्स अँड द टेम्पल ऑफ डूम', १९८४. स्थळ हिंदुस्थान, सन १९३५. भारत सरकारने पटकथेस हरकत घेतल्याने चित्रीकरण श्रीलंकेत. सबब हिंदुस्थानातील खेडूत सिंहली बोलतात. राजवाड्यातील पंगतीस माकडाचा मेंदू वाढण्यात आला. आक्षेप: पानात मीठ नाही, लिंबू नाही, डावी बाजू संपूर्ण रिकामी. अमरीश पुरी यांस मनुष्याचे काळीज उपटण्याचे काम दिले आहे. सदर इसमाने मराठी 'शांतता! कोर्ट चालू आहे' या चित्रपटात काम केलेले असून कोर्टाची अदब त्यांस ठाऊक होती."

"मुद्दा ७. 'द पार्टी', १९६८. बक्षी नावाचा हिंदी नट. काम करणार पीटर सेलर्स, इंग्रज, तोंडास तपकिरी रंग. 'शॉर्ट सर्किट', १९८६. हिंदी शास्त्रज्ञ. काम करणार फिशर स्टीव्हन्स, अमेरिकन, तोंडास रंग तोच. शेरा: अठरा वर्षांत डबा संपला नाही."

"मुद्दा ११. 'नाइन अवर्स टू रामा', १९६३. भारतात बंदी. मराठी मनुष्य आढळला, नथुराम गोडसे. काम करणार हॉर्स्ट बुखहोल्ट्झ, जर्मन. शेरा: मोठ्या कामास मराठी मनुष्य आठवला तो हा, आणि तोही जर्मन. अपिलात अर्थ नाही."

"मुद्दा २६. 'एक्स्ट्रॅक्शन', २०२०. ढाका शहर. चित्रीकरण अहमदाबाद व थायलंड. बांगलादेशी प्रेक्षकांची बंगाली उच्चारांविषयी तक्रार. आकाशासह संपूर्ण शहरास हळद लागलेली. शेरा: लग्न कोणाचे ते शेवटपर्यंत कळले नाही."

काकांचा लाडका खटला मात्र 'झीरो डार्क थर्टी'चा. ओसामा बिन लादेनच्या शोधाचा हा सिनेमा २०१२ चा. गोष्ट पाकिस्तानातली, चित्रीकरणाचा काही भाग चंडीगडला. तिथल्या मनीमाजरा बाजारात उर्दू पाट्या लावल्या, बुरखेवाल्या बायका फिरवल्या, तेव्हा आमच्या गावाचं पाकिस्तान केलं म्हणून काही संघटनांनी बाजारात गोंधळ घातला. सिनेमा लागल्यावर तिकडं पाकिस्तानी मंडळी उखडली, की आमची माणसं यात अरबी का बोलतात? आम्ही उर्दू, पंजाबी, पश्तो बोलतो, अरबी आम्हालाही शिकवणीच लावून शिकावी लागते.

हे सांगताना काकांच्या डोळ्यांत पाणी येतं, हसून. "ताश्कंदला जमलं नाही, शिमल्याला जमलं नाही. दोन देशांचं एकमत हॉलीवूडनं करून दाखवलं!"

एकदा मात्र काका हरले, आणि त्या हरण्याचा त्यांना जिंकण्याहून जास्त आनंद झाला. 'होमलँड' या अमेरिकी मालिकेत निर्वासितांच्या छावणीची भिंत दिसली. भिंतीवर अरबी अक्षरं. काकांनी पॉज दाबला, टीव्हीला नाक लावलं आणि वाचलं, "वतन..."

मग स्वतःशीच पुटपुटले, "वतन? कुणाचं वतन? पाटीलकीचं की देशमुखीचं?" जन्मभर इनाम-वतनांचे दस्त वाचलेला माणूस, त्याला भिंतीवरही जमिनीचा तंटाच दिसणार. पुढचा शब्द काही लागेना. अरबी ती, उर्दू नव्हे.

खरा प्रकार २०१५ च्या ऑक्टोबरात जगाला कळला. छावणी खरी वाटावी म्हणून निर्मात्यांनी अरबी लिहिता येणारे कलाकार बोलावले होते. त्यांनी भिंतीवर सरळ लिहून टाकलं, 'होमलँड वंशवादी आहे'. आणखी एके ठिकाणी लिहिलं, 'होमलँड म्हणजे कलिंगड', म्हणजे आपल्या भाषेत शुद्ध फालतूपणा. दिग्दर्शकानं पाहिलं, कॅमेरावाल्यानं पाहिलं, संकलकानं पाहिलं. सगळ्यांना वाटलं, छान नक्षी आहे. आणि मालिकेची बदनामी मालिकेनंच घरोघरी पोचवली.

काकांनी त्या दिवशी सोसायटीत पेढे वाटले. कशाबद्दल विचारलं, तर म्हणाले, "आमच्या लायनीतल्या पोरांनी नाव काढलं!"

नात मास कम्युनिकेशनला आहे. तिनं एक दिवस आजोबांपुढं आकडे ठेवले. अमेरिकेतल्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचा २०२१ चा अभ्यास. अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचे २०१७ ते २०१९ मधले २०० गाजलेले सिनेमे घेतले आणि तोंड उघडून बोलणारी पात्रं मोजली. ८,९६५ भरली. त्यांत मुसलमान १.६ टक्के.

"शंभरात दोन पण नाहीत," काका म्हणाले. "परभणी-जिंतूर यष्टीत याच्याहून जास्त असतात, आणि त्यातला एकजण कंडक्टर असतो, एकजण मास्तर, एकजण मुलीच्या सोयरिकीला निघालेला. हातात बॉम्ब घेऊन कुणीच नसतंय. डबा असतो."

"आणि आपल्या सिनेमात हो आबा?" नातीनं विचारलं.

काकांनी वही उलटी केली. मागच्या बाजूनंही नोंदी होत्या. सोवळ्यातल्या स्वयंपाकाला वेगळी भांडी असतात, तशी आपल्या सिनेमांना वेगळी बाजू. हिंदी सिनेमातली मराठी बाई म्हणजे धुणंभांडीवाली, दाक्षिणात्य माणूस म्हणजे 'अय्यो', गोव्याचा ख्रिस्ती म्हणजे बाटली, मुसलमान शेजारी म्हणजे सुरमा आणि हातात शिरखुर्म्याची वाटी. दोन्ही बाजूंच्या नोंदी एकमेकींकडं सरकत आल्या होत्या; मध्ये जेमतेम पंधरा कोरी पानं. "या दिवाळीला भेट होईल दोघांची," काका म्हणाले.

मग नातीनंच 'मिस मार्व्हल' लावली. २०२२ ची मालिका. जर्सी सिटीत राहणाऱ्या पाकिस्तानी घरातली कमाला खान, सोळा वर्षांची, अंगात अद्भुत शक्ती आणि डोक्यावर आईचा धाक. मला मुद्दाम बोलावणं आलं होतं, साक्षीदार म्हणून. काका अंगठा पॉजवर ठेवून बसले. कमालाची आई लेकीला झापू लागली. अंगठा हलला नाही. घरात कुरबुर निघाली. अंगठा हलला नाही. पहिला भाग चक्क घड्याळाच्या वेळेत संपला. सूनबाई काळजीनं बाहेर डोकावून गेल्या.

दुसऱ्या भागात मशिदीत चपला चोरीला गेल्या, तरी अंगठा हलेना; काका चुळबुळायला लागले. तिसऱ्याला तर पार हवालदिल. "काहीच सापडंना गं," असं म्हणत त्यांनी पाणी मागवलं. ज्याची जन्मभर वाट पाहिली ते पाहुणे आले आणि आता त्यांच्याशी बोलायचं काय, अशी गत.

चौथ्या भागात ती मुलगी आजीला भेटायला कराचीला जाते. कराचीचा रस्ता दिसला आणि काकांनी पॉज दाबला.

आम्ही सावरून बसलो. काका टीव्हीजवळ गेले. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, महजर वाचावा तसा तो रस्ता वाचला. बराच वेळ गेला.

"ट्राम दिसंना," ते म्हणाले.

"आबा, ट्राम कधीच बंद झाली तिथली," नात हळूच म्हणाली. मग फोनमध्ये बघून तिला राहवेना. "आणि हे कराची नाहीच. शूटिंग बँकॉकला झालंय."

मला वाटलं, झालं, आता वही. वही आलीच. टोपण निघालं. काकांनी लिहिलं, "मुद्दा ३१. कराची शहर. प्रत्यक्षात बँकॉक." पुढं आक्षेपाचा रकाना होता. तिथं पेन टेकवून ते पडद्यावरच्या त्या थांबलेल्या रस्त्याकडं बघत राहिले. मग खाली मान घालून दोनच शब्द लिहिले आणि रिमोट नातीच्या हातात दिला.

मी वाकून वाचलं. लिहिलं होतं, "राखून ठेवला."