भाऊबंदकी, आता चार पायांवर

पूर्वी भावाभावांत वितुष्ट यायला निदान हातभर बांध तरी लागायचा. विहिरीच्या पाण्याची पाळी, वाड्यातली सामाईक भिंत, आईच्या पाटल्या. वकिलापुढे ठेवता येईल असं काहीतरी. आता त्याचीही गरज उरलेली नाही. पुण्यात समोरासमोरच्या फ्लॅटांत राहणारे माझ्या नात्यातले दोन सख्खे भाऊ सध्या एकमेकांशी बोलत नाहीत, आणि वादाचा विषय आहे, कुणाचा कुत्रा जास्त चांगला नाचतो.

थोरल्यांकडे ब्रूनो नावाचा लॅब्रॅडोर. धाकट्यांकडे पार्किंगमधून उचलून आणलेली चिंगी. भाऊ नुसते नावाला. खरं युद्ध जावाजावांचं.

कुत्री नाचवण्याचं हे खूळ इंग्रजांकडे फोफावलं. तिथे चार्ल्स क्रफ्ट नावाच्या गृहस्थाने 1891 मध्ये स्वतःच्या नावाने कुत्र्यांचं प्रदर्शन सुरू केलं. हा माणूस त्याआधी कुत्र्यांची बिस्किटं विकणाऱ्या कंपनीत नोकरीला होता, एवढं सांगितलं म्हणजे पुढचं सगळं कळतं. याच क्रफ्ट्सच्या मैदानात नव्वदच्या दशकात मेरी रे नावाच्या प्रशिक्षक बाईंनी संगीताच्या तालावर कुत्रे चालवून दाखवले, आणि बघता बघता त्याची रीतसर स्पर्धा झाली. इंग्रजच ते, लगेच नियम केले. ‘हीलवर्क’ प्रकारात निदान दोन तृतीयांश वेळ कुत्र्याने मालकाच्या पायाला धरून चालायचं. ‘फ्रीस्टाइल’मध्ये मोकळीक, गिरक्या घ्या, उड्या मारा, उलटे चाला.

आमच्या घरात याची लगेच दोन घराणी झाली. थोरल्या वहिनी हीलवर्कच्या. शिस्त, तालीम, पायाला पाय. धाकट्या वहिनी फ्रीस्टाइलच्या, कारण चिंगी कुणाच्याच पायाशी थांबत नाही. ‘‘आमची चिंगी मनस्वी आहे,’’ असं त्या म्हणतात. ‘‘वळण नाही म्हणा ना,’’ असं थोरल्या म्हणतात, आणि ते चिंगीबद्दल असतंच असं नाही.

ठिणगी पडली ती एका जुन्या क्लिपमुळे. ‘ब्रिटन्स गॉट टॅलेंट’ या कार्यक्रमात 2012 साली ॲशली बटलर ही सतरा वर्षांची मुलगी आणि तिचा पडझी नावाचा कुत्रा नाचून पहिले आले आणि पाच लाख पौंड घेऊन गेले. क्लिप कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली. थोरल्यांनी पौंडाचे रुपये केले. त्या रात्री दोन्ही फ्लॅटांतले दिवे उशिरापर्यंत चालू होते.

तालीम मी जवळून पाहिली आहे. थोरल्या वहिनींच्या कमरेला पाऊच, त्यात चीजचे वाटाण्याएवढे तुकडे. हातात क्लिकर. कुत्र्याने हवं ते केलं की त्याच क्षणी ‘टिक्’, आणि लगेच तुकडा. टिक् म्हणजे जमलं, हे कुत्र्याला दोन-चार दिवसांत समजतं. थोरल्या भावांना समजायला वेळ लागतो. टिक् झालं की ते स्वयंपाकघरातून ‘‘आलो, आलो’’ म्हणतात. मालकाच्या दोन्ही पायांमधून आठच्या आकड्यात फिरणं, हे या नाचाचं मुळाक्षर. पाचवारीत ते शक्यच नाही. ब्रूनो निऱ्यांत अडकून घरभर फिरला. मग थोरल्या वहिनींनी सासूबाईंचं नऊवारी काढलं, कासोटा मारला, आणि ब्रूनो रेल्वे बोगद्यातून जावा तसा सुरळीत जाऊ लागला. संस्कृती टिकवायला निमित्त लागतं ते असं. समोरच्या दारातून धाकट्यांनी हे पाहिलं आणि लेगिंग्जवर घागरा शिवायला टाकला.

आमच्याकडे कुत्रा आणि नाच यांचं नातं जुनंच आहे, असं थोरले भाऊ हल्ली सांगतात. जेजुरीच्या खंडोबाचे वाघ्ये स्वतःला देवाचं कुत्रं म्हणवतात आणि जागरणात नाचतात. खरं आहे. पण तिथे माणूस लहान होतो आणि देवापुढे नाचतो. इथे कुत्र्याला नाचवून जावेपुढे मोठं व्हायचं आहे. दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात, ती तर चार वेद. त्यांतलं एकही मागच्या दोन पायांवर उभं असल्याचं कुठल्या तसबिरीत मी पाहिलेलं नाही.

गणपतीत सोसायटीच्या सांस्कृतिक कार्यक्रमात सोक्षमोक्ष लावायचं ठरलं. परीक्षक मी. आदल्या दिवशी कुजबूज सुरू झाली की ब्रूनोचं वजन वाढलंय, म्हणून बी विंगमधला तसाच पिवळा लॅब्रॅडोर उतरवणार. आरोप अगदीच हवेतला म्हणता येईना. त्याच ब्रिटिश कार्यक्रमात 2015 साली मतीस नावाचा कुत्रा जिंकला आणि मग कळलं, की दोरीवर चालला तो मतीस नव्हताच, चेस नावाचा त्याचा डुप्लिकेट होता. मतीसला उंचीची भीती होती! हजारावर तक्रारी गेल्या. आमच्याकडे एकच गेली, पण ती थेट सोसायटीच्या चेअरमनकडे, आणि लेटरहेडवर.

प्रत्यक्षात गाणं सुरू झालं आणि त्याच मिनिटाला गेटवर ढोलपथक वाजलं. चिंगी स्टेजखाली. ब्रूनो तिच्या मागोमाग. नऊवारीतल्या वहिनी एकट्याच दोन गिरक्या घेऊन थांबल्या. घागऱ्यातल्या विंगेतून हसल्या. आता दोघींचं म्हणणं एकच आहे, ‘‘भाऊजींनी त्यांना झुकतं माप दिलं.’’ कार्यक्रम झालाच नाही, तरी मी पक्षपाती.

तेव्हा परीक्षक या नात्याने निकाल इथेच जाहीर करतो. ब्रूनो आणि चिंगी, दोघांनाही पहिला क्रमांक विभागून. ढोल ऐकून पळण्याची अक्कल त्या दोघांनाच होती. लॅब्रॅडोरच्या खुब्याचे सांधे मुळात नाजूक, त्यातून वजनदार कुत्र्याला मागच्या पायांवर उभं करणं बरं नव्हे. ते तातडीने बंद करावं. वहिनींना नाचायची हौस असेल तर त्यांनी स्वतः नाचावं. कार्यक्रमपत्रिकेत महिलांचा गट आहे, आणि नाव द्यायला फी नाही.