आमची फरार रहस्यकथा

‘इन्स्पेक्टर झेंडे’ सिनेमा पाहिला आणि आमच्या अंगात रहस्यकथाकार बाबूराव अर्नाळकर संचारले. काय ती कथा! मार्च १९८६ मध्ये कुख्यात गुन्हेगार चार्ल्स शोभराज तिहार तुरुंगाच्या पहारेकऱ्यांना वाढदिवसाची म्हणून गुंगीची मिठाई चारतो आणि निसटतो. मुंबईच्या मधुकर झेंड्यांनी त्याला १९७१ सालीही धरलं होतं. यावेळी एकविसाव्या दिवशी, ६ एप्रिलला, ते गोव्यात पर्वरीच्या ‘ओ कोकेरो’ हॉटेलात पुन्हा त्याचं मानगूट धरतात.

म्हटलं, असं पीक आमच्या बीडच्या मातीत का येऊ नये? वही उघडली. ‘मध्यरात्र. धारूरचा घाट. एक जीप...’ इथवर झकास जमलं. पुढं शेजारचे बप्पा चहाला आले आणि कथेचं वाटोळं झालं.

पहिली अडचण पाठलागाची. बप्पा म्हणाले, “लेखकसाहेब, आपल्याकडं लपतं कोण?” खरंच होतं. पवनचक्की कंपनीकडं खंडणी मागितल्याच्या गुन्ह्यात वाल्मिक कराड पोलिसांना हवा होता. पथकं रवाना झाल्याच्या बातम्या रोज येत होत्या. ३१ डिसेंबर २०२४ ला आरोपीनं आधी व्हिडिओ काढून ‘शरण येतोय’ असं जगाला कळवलं आणि पांढऱ्या स्कॉर्पिओतून पुण्यात सीआयडीच्या दारात उतरला. आपण निर्दोष आहोत असं तो म्हणतो. खरंखोटं न्यायालय बघेल. पण कथेचं काय? “ह्यात पाठलाग कुठंय?” बप्पा म्हणाले, “ही तर पाव्हण्याची वाट बघायची गोष्ट झाली!”

दुसरी अडचण नायकाची. २०२५ मध्ये बीडचे पोलीस अधीक्षक नवनीत काँवत यांनी पोलिसांच्या नावाच्या पाट्यांवरून आडनावं काढायला लावली. जात दिसू नये हा हेतू. म्हणून माझ्या इन्स्पेक्टरचं नाव मी नुसतं ‘विश्वास’ ठेवलं. बप्पांनी बशीतला चहा फुर्रकन ओढला आणि विचारलं, “बरं, गाव कोणतं त्याचं?” गावावरून आडनाव आणि आडनावावरून जात काढायला बीडमध्ये भिंग लागत नाही.

तिसरी अडचण पुराव्याची. रहस्यकथेत गुप्तहेर सिगारेटच्या राखेवरून खुनी शोधतो. इथं मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांच्या हत्येचे फोटो आणि व्हिडिओच आरोपपत्राला जोडलेले. ३ मार्च २०२५ ला ते फोटो घराघरांतल्या मोबाइलवर पोचले आणि दुसऱ्या दिवशी, कराड ज्यांचा निकटवर्तीय मानला जातो त्या धनंजय मुंडे यांनी मंत्रिपद सोडलं. राजीनामा देताना प्रकृतीचंही कारण होतं. आम्हा बघणाऱ्यांची प्रकृती त्या रात्री कशी होती, ते कुणी विचारलं नाही. फोटो बघून बप्पा उठून गेले. चहा तसाच राहिला.

मग मला माझ्या कथेची खरी चूक सापडली. रहस्यकथेला रहस्य लागतं. आमच्याकडं कुणाच्या गाडीत कोण बसतं, कुणाच्या फोननं कुठलं काम होतं, हे शाळकरी पोराला ठाऊक असतं. सगळ्यांना सगळं माहीत असतं आणि पंचनाम्याच्या वेळी कुणालाच काही माहीत नसतं. शोभराजला पहारेकऱ्यांसाठी निदान मिठाई आणावी लागली. इथला पहारा आधीच झोपलेला.

वही मिटली. फाडली मात्र नाही, कारण एका प्रकरणाचा शेवट बाकी आहे. देशमुखांची हत्या ९ डिसेंबर २०२४ ची. त्या गुन्ह्यातला आरोपी कृष्णा आंधळे पहिल्या वर्षश्राद्धापर्यंत पोलिसांच्या हाती लागला नव्हता. झेंड्यांना एकवीस दिवस पुरले होते.