खुळखुळा आणि उपवर मंडळी

गॅलरीत गुलाब चालतो, जास्वंद चालते, हौसच असेल तर अडेनियम. खुळखुळा लावणारा माणूस मात्र सोसायटीच्या मनातून उतरतो. “तण कशाला पाळलंय हो?” शेजारच्या काकूंनी विचारलंच.

खुळखुळा म्हणजे तागाचा सख्खा चुलत. पावसाळ्यात माळावर, रस्त्याकडेला फुकट उगवणारा. बी टणक, म्हणून रात्रभर कोमट पाण्यात भिजवून जूनमध्ये पेरायचं, की झालं. खत मागत नाही. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र परस्पर मिळवून देतात. आमच्या घरात इतका स्वावलंबी दुसरा कोणी नाही. पुढे पिवळीजर्द फुलं, मग टपोऱ्या शेंगा. वाळल्या की आतलं बी खुळखुळ वाजतं.

फुलं आली तशी फुलपाखरंही आली, पण ब्लू टायगर आणि कॉमन क्रो या मंडळींनी फुलांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती बसली तुटक्या पानांवर आणि जखमी शेंगांवर. पायांनी खरवडायचं, सोंडेतून थेंब सोडून जागा ओली करायची आणि तो कडू रस ओढून घ्यायचा. तासन्‌तास! बहुतेक सगळे नर. या रसातल्या अल्कलॉइडांपासून ते प्रियाराधनाचं अत्तर बनवतात आणि पोटाच्या टोकाशी असलेल्या केसांच्या कुंचल्यांनी मादीसमोर उधळतात. शिवाय त्या कडूपणामुळे पक्षी त्यांना तोंड लावत नाहीत. मीलनात थोडा ऐवज मादीला मिळतो, तिच्याकडून अंड्यांना. थोडक्यात, हुंडा मुलाकडून, तोही पुढच्या पिढीच्या नावावर. आपल्याकडे ही पद्धत रुजली नाही, याचं मला राहून राहून वाईट वाटतं.

“शेंगांत अळ्या झाल्यात, फवारा मारा,” काकू म्हणाल्या. त्या पी ब्लू फुलपाखराच्या असाव्यात, राहू द्या, असं म्हणून मी त्यांना अत्तराचा सगळा प्रकार ऐकवला. ऐकताना त्या चक्क गप्प होत्या.

परवा जिन्यात इकडेतिकडे बघत त्यांनी मूठभर बी मागून घेतलं. त्यांच्या धाकट्याने चौतिशी ओलांडली आहे. “विषारी असतं हं, गुरांचंसुद्धा यकृत बिघडतं,” मी बजावलं.

“तो कुठे खाणारे?” काकू म्हणाल्या. “त्याच्या खिडकीत लावते.”