एक पैसा घेतला नाही हो!

मदतनिधीच्या कार्यक्रमात एकदा गायलेला एक काका प्रत्येक चाळीत असतो. आमचे लालबागचे. विषय पावसाचा असो, कांद्याच्या भावाचा, नाहीतर कुणाच्या साखरपुड्याचा, तो फिरून फिरून किल्लारीच्या भूकंपावर येतोच. “भूकंपग्रस्तांसाठी गायलो, एक पैसा घेतला नाही हो!” देत कोण होतं, हे विचारायची सोय नाही.

तो भूकंप झाला ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे. आदल्याच दिवशी अनंत चतुर्दशी. लालबाग-परळची माणसं गणपती बोळवून, घसे बसवून आडवी होत होती, तेव्हा तिकडे लातूर-उस्मानाबादेत गावंच्या गावं झोपेत गाडली गेली. मग जिकडेतिकडे मदतफेऱ्या निघाल्या. त्यातच परळला नाट्यगीतांचा एक कार्यक्रम ठरला आणि काकांना एक पद मिळालं.

‘एक पद’ हे आपलं माझं. काकांच्या लेखी ती मैफल. पट्टी काळी दोन. तेव्हापासून चाळीच्या आरतीतसुद्धा ते “पट्टी कुठली धरताय?” म्हणून सगळ्यांना थांबवतात, आणि तेवढ्यात कापूर विझतो. कार्यक्रमाचा फोटो भिंतीवर आहे. त्यात निवेदिका ठसठशीत, पेटीवाला अर्धा आणि काकांचं कोपर. “हा मी,” असं म्हणून कोपरावरची काच ते पंच्याने पुसतात.

कार्यक्रमाचं घराणं सांगायचं तर थेट ‘संयुक्त मानापमान’ नाटकाचं! ८ जुलै १९२१. एरवी चढाओढीत असलेले बालगंधर्व आणि केशवराव भोसले टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत बालीवाला थिएटरात एकत्र उभे राहिले. एक भामिनी, दुसरा धैर्यधर. वरचं तिकीट शंभर रुपये, तेही त्या काळात! हे रंगवता रंगवता काका ‘ते’वरून ‘आम्ही’वर कधी येतात, समजतच नाही.

“आणि ऐन तानेत लाइट गेले. दुसरा असता तर गप्प बसला असता. मी अंधारात गात राहिलो!”

“लाइट नव्हते गेले,” आतून काकू. “पडदा पाडला होता.”

काका ऐकू न आल्यासारखं करतात. इतक्या वर्षांत हे त्यांना छान जमलंय.

काकूंकडूनच कळलं की त्या कार्यक्रमाची तिकिटं काकांनी दारोदार फिरून खपवली होती. १९८२च्या संपानंतर कित्येकांच्या घरी गिरणीचा पगार पुन्हा आलाच नव्हता. ज्याला तिकीट परवडत नव्हतं त्याच्याकडून काका रुपया-दोन रुपये घेत आणि त्याचीही रीतसर पावती फाडत. पावतीपुस्तकांची अर्धुकं अजून ट्रंकेत आहेत. मी एकदा खोदून विचारलं, तर चक्क वैतागले. “पैसे काय, कुणीही गोळा करतं. तू तान ऐक.” मग ऐकावी लागली.

हल्ली कुठे पूर आला की काका मंडळाच्या ऑफिसात हजर. पोरं म्हणतात, “काका, आम्ही क्यूआर कोड लावतोय.” काका म्हणतात, “लावा की! पण मध्यंतरानंतर काय ठेवणार?” गेल्या खेपेला पोरांनी हसत हसत कार्यक्रमाला हो म्हटलं. काकांची अट एकच, जनरेटर भाड्याने आणायचा.

“आणा,” काकू म्हणाल्या, “पडद्याच्या दोरीपाशी मी बसते.”