लाटसाहेबाची माकुडी

शिवनेरीला गेलेला माणूस शिवजन्मस्थान पाहतो, शिवाईदेवीला हात जोडतो, खाली उतरून मिसळ हाणतो आणि घरी येतो. कड्याच्या कपारीतून लोंबणाऱ्या शिंदळ माकुडीकडे तो ढुंकूनही बघत नाही. तिलाही त्याचं सोयरसुतक नाही. उन्हाळ्यात ती पानं झाडून टाकते आणि मांसल खोडातल्या पाण्यावर दिवस काढते. आमच्या सोसायटीत एक दिवस नळाला पाणी आलं नाही, तर तातडीची सभा भरते!

पाऊस लागला की तिला पानं फुटतात, पाठोपाठ फुलं. जेमतेम इंचभर, पाच कोनांची, गडद मरून, वर पिवळे डाग, कडेला बारीक लव. एवढा मखमली थाट, पण आमंत्रण कुणाला? माश्यांना. असो, आवड एकेकीची.

1865 मध्ये डॅलझेल नावाच्या जंगलखात्यातल्या साहेबाने जुन्नरकडच्या या झाडाचं शास्त्रीय बारसं केलं आणि मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्यावरून नाव ठेवलं ‘फ्रेरिया इंडिका’. सरकारी नोकरीत बढतीची वाट कुठून जाते, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. गंमत अशी, की 1864 मध्ये मुंबईत उभारलेल्या कारंज्यालाही आधी फ्रिअरसाहेबांचंच नाव द्यायचं घाटत होतं. ते गेलं फ्लोराला, म्हणजे फुलांच्या रोमन देवीला. कारंजं फुलांच्या देवीचं झालं आणि फूल लाटसाहेबाचं!

फुलावरचा मालकी हक्कही पुरता टिकला नाही. 1958 मध्ये एका वनस्पतितज्ज्ञाने तिला कॅरालुमात, म्हणजे माकडशिंगीच्या गोतावळ्यात घातलं. पुढे तिथूनही उचलून तिची बुसेरोशियात बदली झाली. आता नावाच्या शेपटाला ‘फ्रेराय’ तेवढं लटकतंय. साहेब आघाडीवरून पिछाडीला गेले. माकुडीच्या एका पानालाही फरक पडला नाही.

रानात ती सापडते फक्त महाराष्ट्रात, शिवनेरी, पुरंदर, सज्जनगड अशा मोजक्या ठिकाणच्या कड्यांवर. मात्र फांदी खोचली की जगत असल्याने परदेशातल्या हौशी मंडळींच्या कुंड्यांत ती मजेत नांदते. आमचा एक मित्र मूळचा जुन्नरचा, हल्ली जर्मनीत असतो. परवा व्हिडिओ कॉलवर खिडकीतली लोंबती कुंडी दाखवून मला विचारतो, “काय रे, ही तुमच्याकडे मिळते का?”

म्हटलं, मिळते की. शिवनेरीच्या कड्यावरून दोराने उतरायचं आणि वर आल्यावर वनखात्याला उत्तर द्यायचं.